शोधणं थांबवलेली माणसं

१४ जुलै

दादा,

मायन्यात आणखी काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतंच दादा.

पत्ता मावशीच्या थोरल्याने दिला, तोही कुरकुरत. म्हणाला, "त्याने सांगितलंय, कुणाला देऊ नकोस." मी म्हटलं, मी कुणी नाही, मी बहीण आहे. त्यावर त्याची बोलती बंद झाली. फोन नंबर मात्र दिला नाही. तू काय करतोस तेही सांगितलं नाही. "बरा आहे, पोटापुरतं कमावतो," एवढंच.

तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते. आता अर्थशास्त्रात पीएच.डी. करतेय. हस, मला चालेल. बाजारातून आणलेल्या सुट्या पैशांचा हिशेब ज्या ठमीला कधी लागला नाही, ती अर्थशास्त्रात.

माझ्या मार्गदर्शक मॅडम बुटक्या आहेत, आवाज बारीक, आणि खोलीत बसायला एकच खुर्ची, तीही त्यांची. विद्यार्थ्याने उभ्यानेच बोलायचं, म्हणजे तो पाल्हाळ लावत नाही. पहिल्या भेटीत म्हणाल्या, "तुझा प्रश्न एका वाक्यात सांग." मी बोलत सुटले. बेरोजगारी, शिकलेली मुलं, सरकार, कारखाने. त्यांचा चहा पिऊन झाला तरी माझं चालूच.

"हा विषय झाला," त्या म्हणाल्या. "विषय रस्त्यावर पडलेले असतात. कशामुळे काय होतं असं तुला वाटतं? आणि तुझं चुकत असेल तर ते तुला कळणार कसं? एवढं सांगता आलं की प्रश्न झाला."

वसतिगृहावर येऊन रडले. मग वाचायला बसले. वाचता वाचता एक गोष्ट कळली ती तुला सांगते. जो काम शोधतो आणि ज्याला मिळत नाही, तो बेकार. शोधून शोधून ज्याने शोधणंच सोडलं, तो आकडेवारीत बेकारसुद्धा धरला जात नाही. त्याला उचलून दुसऱ्या रकान्यात टाकतात, म्हाताऱ्यांबरोबर आणि शाळेतल्या पोरांबरोबर. मोजदाद करणाऱ्यांच्या लेखी तो प्रश्नच मिटला.

मी पुन्हा मॅडमकडे गेले. म्हटलं, "घरचे कसे बोलतात, कसे वागतात, यामुळे माणूस काम शोधणं सोडतो का?"

त्यांनी चष्मा काढला. "घरात कुणी आहे?"

"भाऊ."

"मग दुप्पट जपून राहा. उत्तर ठरवून आलीस तर आकडे तुझ्या मनासारखंच बोलतील."

ठरवून आले नव्हते असं म्हणवत नाही. तुलाही माहीत आहे मला काय वाटतं ते. तू गेलास त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले होते, "इतकी वर्षं शोधतोस आणि तुला कुणी घेत नाही, म्हणजे खोट तुझ्यातच असणार." तू ताटावरून उठला नाहीस, शेवटचा घास संपवलास, हात धुतलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्टिफिकेटांची फाईल न घेता निघालास, आणि मी वेड्यासारखी फाईल घेऊन तुझ्यामागे जिन्यापर्यंत आले.

बाबा तुझं नाव काढत नाहीत. आई काढते, पण ते घरी नसताना. दोघांच्या तब्येती ठीक.

ठमी


२ डिसेंबर

दादा,

उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं असं धरून चालते. परत आलं नाही ना, मग झालं.

सध्या मी दारं वाजवते. दोन वस्त्या निवडल्यात, एक जुन्या कापड गिरणीमागची, दुसरी नव्या इमारतींची. एका घरात एका माणसाशी बोलायचं, शक्यतो आईशी किंवा कर्त्या माणसाशी, आणि त्याने घरातल्या सगळ्यांबद्दल सांगायचं. कोण कामाला जातं, कोण शोधतंय, कोणी शोधणं सोडलं, का सोडलं. मग घरात बोलणी होतात का, टोमणे असतात का, हे आडून आडून. सगळीकडे अशीच पद्धत असते. घरातल्या प्रत्येकाला गाठायचं तर माझं अर्धं आयुष्य जाईल.

पहिल्या दिवशी लोकांनी मला वॉशिंग पावडर विकणारी समजून हाकललं. संध्याकाळी घरी फोन केला तर तो नेमका बाबांनी उचलला. रडवेलं झालेलं लपलं नाही. बाबा आयुष्यभर पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरलेले. म्हणाले, "दार उघडलं की आधी एक पाऊल मागे सर. माणसाला वाटायला हवं की तू आत शिरायला आलेली नाहीस. आणि घाम पुसत बसू नकोस. घाम दिसला की लोक पाणी विचारतात, पाणी दिलं की बसवतात."

लागू पडलं. आता निम्मी दारं तरी उघडतात.

दुसऱ्या फोनला त्यांनी विचारलं, "बरीच निघतात का गं अशी, सोडून दिलेली?"

"बरीच, बाबा."

"शिकलेली?"

"शिकलेलीच जास्त."

त्यांनी फोन आईकडे दिला नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले, पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता.

प्रश्नावली मी तीनदा बदलली. "तुमच्या मुलाने काम शोधणं का सोडलं?" असं विचारलं की आया भांडायला उठतात. त्यांनी ते सोडलंय हेच कबूल नसतं. आता विचारते, "गेल्या महिन्यात कुठे अर्ज वगैरे केला का?" मॅडम म्हणतात, शब्द नीट लावायला शिकलीस तर अर्धं संशोधन झालं. उरलेलं अर्धं काय ते विचारलं, तर म्हणाल्या, गप्प बसणं.

तुझी जुनी फाईल माझ्याकडे आहे. उघडलेली नाही.

ठमी


१९ एप्रिल

दादा,

आज सेमिनारमध्ये माझी सालटी काढली.

झालं असं, की माहिती सगळी कॉम्प्युटरमध्ये भरली, साफ केली. साफ करणं म्हणजे काय ते ऐक. एका घरात आई मुलापेक्षा लहान निघाली. एका माणसाला दोन घरांत दोन बायका, तो मी केलेला घोळ की त्याने, हे कळायला पुन्हा जावं लागलं. त्यानेच केला होता. असले दिवसचे दिवस.

मग समीकरणं चालवली. घरातल्या टोमण्यांचा आणि शोध सोडण्याचा संबंध आहे की नाही, ते एका आकड्यावरून कळतं. संबंध भरवशाचा असेल तर आकड्याशेजारी चांदणी येते. आमच्यात सगळे चांदणीसाठी जीव टाकतात.

चांदणी आली नाही.

मला ते पटेचना. मी फक्त तरुण घेतले, नाही आली. फक्त मुलगे घेतले, नाही. मग गिरणीमागची वस्ती, त्यातले मुलगे, त्यातले शिकलेले, त्यातही थोरले. तेव्हा आली. एकुलती एक. मी ती घेऊन सेमिनारला उभी राहिले. शिकलेल्या थोरल्या मुलांना घरचं बोलणं लागतं, असं खणखणीत सांगितलं.

माझ्या वर्गातल्या चष्मिसने निरागसपणे विचारलं, "इतके गट पाडून बघितल्यावर एखाद्यात चांदणी यायचीच ना?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. नंतर खोलीत बोलावून म्हणाल्या, "किती चाळण्या लावल्यास?"

मी सांगितलं.

"शिकलेला थोरला मुलगा. हा तुझा भाऊ का?"

मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "आपल्या माणसाला शोधायला आकडेवारीत शिरू नये. तो तिथे नसतो. फरक दिसला नाही तर नाही दिसला असं लिही. त्यालाही निष्कर्षच म्हणतात, आणि तो लिहायला जास्त हिंमत लागते."

म्हणजे बाबांच्या बोलण्याने काही झालं नाही? की झालं, पण मला मोजता आलं नाही? या दोन्हींत फार अंतर आहे, आणि कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

बाबांचं वजन उतरलंय. तपासण्या चालू आहेत. काळजीचं नसावं.

ठमी


३० ऑगस्ट

दादा,

काळजीचं आहे. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर समजावून सांगणारी आहे, पण आशा दाखवत नाही.

बाबांना दवाखान्यात ठेवलंय, मी सध्या घरी राहतेय. दुपारी आई जेवायला जाते तेव्हा त्यांच्यापाशी मी बसते. वॉर्ड स्वच्छ आहे. शेजारच्या कॉटवरचा म्हातारा दिवसभर रेडिओ लावतो आणि बाबा त्याला बंद कर म्हणत नाहीत, यावरून काय ते समज.

काल त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"तुझ्या त्या अभ्यासात निघालं का काही?"

"कशाबद्दल, बाबा?"

"आडून नको बोलू. बापाच्या बोलण्याने पोरगा काम शोधायचं सोडतो का?"

मी म्हटलं, "सरासरीत तसा फरक दिसत नाही."

"सरासरी राहू दे. आपल्या घरातलं सांग."

नाही म्हणायचं होतं, दादा. जिभेवर आलेलं होतं. नाही बाबा, तुमच्यामुळे नाही. कुणाचं काय बिघडणार होतं? पण गेलं वर्षभर मी एकच गोष्ट शिकतेय, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. ती नको तिथे आडवी आली.

"एका घराचं आकड्यांवरून सांगता येत नाही, बाबा."

"म्हणजे तुलाही माहीत नाही."

"नाही."

त्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटलं, तेवढ्यात म्हणाले, "मग ज्याला माहीत आहे त्याला विचार."

म्हणून विचारते. तू ये असं म्हणत नाही. एका ओळीत लिही. ती काही का असेना, मी त्यांना जशीच्या तशी वाचून दाखवीन. हो असेल तरी. त्यांना उत्तर हवंय. दिलासा मागायची त्यांची पद्धत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पाकिटात घरचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घातलंय.

ठमी


११ ऑक्टोबर

दादा,

मंगळवारी सकाळी बाबा गेले. त्रास फार झाला नाही. आई जवळ होती, मी औषधं आणायला खाली गेले होते.

शेवटचा आठवडाभर त्यांनी काही विचारलं नाही. फक्त टपाल आलं का, असं आईला रोज विचारायचे. आई म्हणायची, विजेचं बिल आलंय.

ठमी


३ फेब्रुवारी

दादा,

मी पुन्हा कामाला लागलेय. प्रबंधाची प्रस्तावना लिहितेय. मॅडम म्हणतात, प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहायची, कारण आपण काय केलं ते तेव्हाच कळतं. पहिल्या पानात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, वाचकाला ताटकळत ठेवायचं नाही. आधी कोणी काय केलं ते थोडक्यात, आणि त्यांना कमी लेखायचं नाही.

मी बारा पानं दिली. मॅडमनी चार ठेवली. एका परिच्छेदावर त्यांनी नुसती उभी रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, "हे वाचकासाठी नाही. हे भावासाठी आहे. त्याला पाठव."

तो परिच्छेद पाठवणार नाही. त्यात तुला उद्देशून जे आहे ते चांगलं नाही. मी तुझ्यावर किती चिडलेय ते मलाही तो वाचेपर्यंत कळलं नव्हतं. अर्थशास्त्राच्या भाषेत लिहिल्यामुळे लपलं होतं, एवढंच.

त्यापेक्षा मी येते. पुढच्या शनिवारी. पत्ता आहेच. दार उघडायचं नसेल तर उघडू नकोस, मला बंद दारांची सवय झाली आहे.

ठमी


२० मार्च

दादा,

परत येऊन महिना होऊन गेला. तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते लिहायला एवढा वेळ लागला.

तू काम करतोस त्या हॉटेलची लाँड्री तळघरात असेल असं वाटलं नव्हतं. वाफेत आधी तू दिसलाच नाहीस, आणि दिसलास तेव्हा बाबाच दिसले. तसेच खांदे पडलेले. तू "आलीस" म्हणालास आणि चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलंस. "कोपरे धर. जोडीदार आज आला नाही." मग आपण चादरी घडी करत बोललो. लांब जायचं, ताणायचं, जवळ यायचं. जवळ आलो की तू गप्प व्हायचास आणि लांब गेलो की बोलायचास.

मी विचारलं, "ऑगस्टचं पत्र मिळालं होतं?"

"मिळालं."

"वाचलंस?"

"त्याच दिवशी."

चादर सोडावीशी वाटली. सोडली नाही. "एक ओळ लिहायची होती, दादा."

"लिहिली होती. बाबांमुळे नाही, अशी. मग वाटलं, ते विचारणार, मग कशामुळे? तिथून पुढे सगळंच सांगावं लागलं असतं. आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो."

आणि मग सांगितलंस. बाबा ते बोलले त्याच्या वर्षभर आधीच तू काम शोधणं सोडलं होतंस. रोज सकाळी फाईल घेऊन, आईने भरलेला डबा घेऊन निघायचास, आणि कुठेही जायचा नाहीस. संध्याकाळी येऊन कुठल्या तरी ऑफिसाचं नाव सांगायचास. बाबा खोट काढून बोलले तेव्हा तुला वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं. "कुणीतरी एकदाचं बोललं," म्हणालास. "मला फक्त रोज सकाळी आईच्या हातून डबा घेणं होईना. म्हणून गेलो."

बाबा ज्याचं ओझं घेऊन गेले ते त्यांचं नव्हतंच. तुला ते माहीत होतं, आणि तिकीट लावलेलं पाकीट तुझ्याकडे होतं. मी तुला माफ केलंय असं लिहिणार नाही. खोटं होईल. पण तुला शिक्षा व्हावी असंही वाटत नाही. तुझ्या हातांवरचे भाजल्याचे डाग बघितले मी.

परतीच्या बसमध्ये एकदम लक्षात आलं. समजा त्या वर्षी माझ्यासारखीच कुणी आपल्या दारात आली असती. आईने दार उघडलं असतं, आणि कौतुकाने सांगितलं असतं, "मुलगा रोज काम शोधायला जातो." तिने तुला शोधणाऱ्यांत धरलं असतं. मग माझ्या त्या शेकडो घरांतले किती जण असे असतील? आयांनी मनापासून सांगितलेलं मी खरं धरून चालले होते.

मॅडमना सांगितलं. कुणाचं, ते नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "एका घरावरून काही सिद्ध होत नाही. पण शंका घ्यायला एक घर पुरे. परत जा. या वेळी आईला नको, पोरांनाच विचार, एकेकट्याला गाठून." म्हणजे आणखी एक वर्ष. चष्मिस माझ्याआधी डॉक्टर होणार. होऊ दे. फरक दिसत नाही असं ज्या प्रकरणात लिहिलं होतं ते मी बाजूला काढून ठेवलंय. फरक आहे असंही आता म्हणता येत नाही. मला माहीत नाही, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा खरंच माहीत नव्हतं, आणि अजूनही नाही. फक्त आता का माहीत नाही ते कळलंय.

तीन मुलांशी बोलून झालं. दोघांनी उडवून लावलं. तिसरा जिन्यात खाली येऊन म्हणाला, "आईला सांगणार नसाल तर बोलतो."

गेल्या आठवड्यात घरी गेले होते. आईला किती सांगायचं ते ठरवून गेले होते, पण तिने बॅगसुद्धा ठेवू दिली नाही. "भेटला?" म्हणाली. मग सगळंच सांगितलं. शोधणं सोडल्याचं, वर्षभराचं, बाबांमुळे नाही हे, ऑगस्टच्या पत्राचं. ती पाटावर बसून ऐकत होती. मला वाटलं पत्राचं ऐकून कोसळेल. बाबांचं ऐकून तरी रडेल. ती रडली नाही. तुला दोषही दिला नाही. बराच वेळ नखाने फरशीवरचं काहीतरी खरवडत राहिली.

मग म्हणाली, "डबा तर रोज रिकामा यायचा. कुठे बसून खायचा गं तो?"

मी म्हटलं, विचारलं नाही.

"एवढी शिकलीस आणि एवढं विचारलं नाहीस?" म्हणाली. रागावून नाही. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "उन्हाळाही होता मध्ये. सावली तरी होती का?"

त्या दिवसापासून रोज फोनवर तेच विचारते. मला उत्तर माहीत नाही, आणि या वेळी मी अंदाजाने काही सांगणार नाही. आईला लिही, दादा. बाकी कशाबद्दल नको. फक्त कुठे बसायचास, आणि सावली होती का.

ठमी